म्योने धरण, १६ मे १९४३ ची रात्र आणि 'एजे-एम' विमानातले सात जण

रुहरकाठी:

मी डॉर्टमुंडला राहतो. म्योने धरण घरापासून गाडीने तासाभराच्या आतच आहे. पेशाने स्थापत्य अभियंता असल्यामुळे दगडी धरण दिसलं की मला राहवत नाही, त्यामुळे पहिल्यांदा गेलो तो फक्त भिंत बघायला. ६५० मीटर लांब, ४० मीटर उंच, तळाशी ३४ मीटर जाड. १९०८ ते १९१३ मध्ये बांधलेली. वर दोन मनोरे आहेत आणि त्यांच्यामधून माणसं आइस्क्रीम खात फिरत असतात. मीही तसाच फिरलो. मी जिथे रेलून तलाव बघत होतो तो भाग एका रात्री वाहून गेला होता आणि मागाहून पुन्हा बांधला, हे तिथेच कळलं. ७७ मीटर रुंद आणि २२ मीटर खोल भगदाड पडलं होतं.

धरण कसं फुटलं हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलं असेल. ब्रिटिश हवाई दलाच्या ६१७ स्क्वाड्रनची १९ लँकेस्टर विमानं, गाय गिब्सन हा त्यांचा प्रमुख आणि बार्न्स वॉलिसचा तो उड्या मारत जाणारा बॉम्ब. बॉम्ब म्हणजे जवळजवळ ४२०० किलोचं पिंप. सोडण्याआधी ते मिनिटाला ५०० फेऱ्यांनी उलटं फिरवायचं. पाण्यापासून फक्त ६० फुटांवरून, भिंतीच्या सुमारे ४०० मीटर अलीकडे सोडायचं, म्हणजे ते टप्पे घेत भिंतीला टेकतं, तिच्या कडेने खाली बुडतं आणि पाण्याखाली ९ मीटरवर फुटतं. पाण्याचा दाबच मग भिंत फोडतो. उंची मोजायला विमानाच्या पोटाखाली दोन दिवे लावले होते, त्यांचे झोत पाण्यावर एकमेकांना चिकटले की ६० फूट. अंतर मोजायला काहींकडे लाकडाची तिकोनी चौकट होती, तिला दोन खिळे. दोन खिळे दोन मनोऱ्यांशी जुळले की बॉम्ब सोडायचा. मी भिंतीवर उभं राहून दोन बोटं धरून हे करून बघितलं.

पण धागा काढला तो यासाठी नाही. धागा एका विमानासाठी आहे. खुणेची अक्षरं एजे-एम. गिब्सननंतर दुसरा हल्ला याचा होता.

पायलट जॉन हॉपगुड, वय २१. सगळे त्याला हॉपी म्हणत. या पोराबद्दल पहिली गोष्ट मला आवडली ती हल्ल्याच्या आधीची आहे. ठरलेला मार्ग ह्यूल्सच्या रबर कारखान्याच्या अगदी जवळून जात होता आणि तिथे विमानविरोधी तोफांचा मोठा पहारा होता. नकाशावर तो दाखवलेला नव्हता, हॉपगुडच्या लक्षात आला. त्याने सांगितलं आणि मार्ग बदलला. त्या रात्री किती जणांचे जीव यामुळे वाचले हे मोजता येणार नाही. त्याच संध्याकाळी त्याने सोबतच्या एका पायलटला सांगितलं की मी यातून परत येईन असं वाटत नाही. आणि तरी तो विमानात चढला.

बाकीचे सहा. फ्लाइट इंजिनियर चार्ल्स ब्रेनन, कॅनडाचा. नॅव्हिगेटर केनेथ अर्नशॉ, कॅनडातला शाळामास्तर. वायरलेस ऑपरेटर जॉन मिंचिन. बॉम्ब टाकणारा जॉन फ्रेझर, तोही कॅनडाचा, नुकतंच लग्न झालेला. पुढच्या तोफेवर ग्लासगोचा जॉर्ज ग्रेगरी. शेपटीच्या तोफेवर ऑस्ट्रेलियाचा टोनी बर्चर.

धरण अजून वीसेक मिनिटांवर असतानाच विमानाला मारा बसला. डावीकडचं एक इंजिन गेलं. हॉपगुडच्या डोक्याला जखम झाली, ब्रेनन त्यावर रुमाल दाबून उभा राहिला. मिंचिनचा पाय जवळजवळ तुटला. बर्चरलाही लागलं. पुढच्या तोफेवरून ग्रेगरीचं उत्तरच आलं नाही. हॉपगुडने इंटरकॉमवर प्रत्येकाची चौकशी केली. मग म्हणाला, इतकं आलोच आहोत तर पुढे जाऊ. परत फिरला असता तर त्याला कोणी बोल लावला नसता.

म्योनेवर पहिला बॉम्ब गिब्सनने टाकला, भिंत तशीच राहिली. पण आता मनोऱ्यांवरच्या तोफांना विमानं नेमकी कुठून येतात ते कळलं होतं. तीन इंजिनांवर, ६० फुटांवर, चांदण्यात, दोन दिवे लावून हॉपगुड त्याच वाटेने आला. गोळे थेट लागले, पंखाने पेट घेतला. फ्रेझरचा बॉम्ब क्षणभर उशिरा सुटला, भिंतीवरून उडी मारून पलीकडे गेला आणि खालच्या वीजघरावर फुटला.

विमान पेटलेलं आणि जमिनीपासून इतकं जवळ की पॅराशूट उघडायलाही उंची नाही. हॉपगुडने ते तसंच वर खेचलं, साधारण ५०० फुटांपर्यंत. उडी मारा म्हणून सगळ्यांना सांगितलं. स्वतः विमान हाकायची काठी सोडली असती तर विमान लगेच पडलं असतं.

फ्रेझर नाकातल्या झडपेतून बाहेर पडला. मागे बर्चरने तोफेच्या बुर्जाबाहेरचं आपलं पॅराशूट गाठलं, तर समोरून मिंचिन रांगत येताना दिसला. तुटका पाय ओढत, विमानाच्या आडव्या तुळईवरून, जवळजवळ अख्खं विमान पार करून आलेला. बर्चरने त्याचं पॅराशूट लावलं आणि दोरी ओढून त्याला दारातून ढकललं. मग इंटरकॉम लावून मी निघतोय असं सांगितलं. हॉपगुड ओरडला की देवासाठी आधी बाहेर पड. बर्चरने पॅराशूट आतच उघडून छातीशी धरलं, तेवढ्यात स्फोट झाला आणि तो बाहेर फेकला गेला. शेपटीवर आपटून त्याचा पाठीचा कणा मोडला. तो जगला, फ्रेझर जगला, दोघे युद्धकैदी झाले. मिंचिन जगला नाही. विमान धरणापासून सहाएक किलोमीटरवर ओस्टोनेन गावाजवळ कोसळलं.

मार्टिन, यंग, मॉल्टबी नंतर आले. पाचव्या बॉम्बनंतर भिंत गेली.

त्या रात्री १३३ जण निघाले होते. ८ विमानं परतली नाहीत, ५३ जण मेले, ३ पकडले गेले. हॉपगुड आणि त्याचे चार साथी राइनबर्गच्या युद्ध दफनभूमीत आहेत. मी गेल्या महिन्यात तिथे गेलो. विजयी विमानांची नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. ज्याचा बॉम्ब चुकला त्या विमानाबद्दल मराठीत कुठेतरी लिहिलेलं असावं असं वाटलं.

*

ओवी:

मिंचिनच्या परिच्छेदाशी थांबले, पुढे लगेच वाचवेना. एक विचारते. बर्चरचं पॅराशूट बुर्जाच्या बाहेर का होतं? अंगावर का नव्हतं?

*

निवृत्त वायुसैनिक:

ओवीताई, जागाच नसायची. शेपटीचा बुर्ज म्हणजे माणूस कसाबसा मावेल एवढा. पॅराशूटची पिशवी मागे विमानाच्या पोटात अडकवलेली असे. वेळ आली की बुर्ज सरळ करायचा, मागची दारं उघडायची, हात घालून पिशवी घ्यायची, छातीला अडकवायची. बुर्ज इंजिनाच्या दाबावर फिरे. इंजिन गेलं की हाताने फिरवायचा. बर्चरने तो हातानेच फिरवला.

समोरच्या लोकांची गत काय होती तेही सांगतो. या मोहिमेसाठी विमानाच्या पाठीवरचा बुर्ज काढून टाकला होता, म्हणून सातवा माणूस नाकातल्या तोफेवर. त्याचे पाय खाली झोपलेल्या बॉम्बवाल्याच्या डोक्यावर पडू नयेत म्हणून रिकिबी लावल्या होत्या. बाहेर पडायची झडप नाकाच्या तळाशी, अरुंद. जाड कपडे, पट्टे, छातीवर पिशवी, अंधार, आणि विमान गिरक्या घेत असेल तर अंग चिकटून बसतं. लँकेस्टर पडलं की त्यातले साधारण ११ टक्केच जगत, तर अमेरिकन बॉम्बर विमानांतून जवळपास निम्मे सुटत. हा फरक धैर्याचा नाही, झडपेच्या मापाचा आहे. त्या हिशोबाने सातांतले दोन जगले, आणि तिसरा निदान बाहेर तरी पडला, ते हॉपगुडने मिळवून दिलेल्या उंचीमुळे.

*

कृष्णाकाठ:

लेख उत्तम आहे, ते आधी सांगतो. पण मनात आलं ते लिहितोच. १९४३ म्हणजे बंगालचा दुष्काळ. लाखो माणसं अन्नावाचून मेली, आणि सरकार याच हवाई दलाचं होतं. आमच्या साताऱ्यात तेव्हा प्रतिसरकार चालू होतं. आजोबा भूमिगत होते, आजीने दोन वर्षं रात्री दाराशी बसून काढली. आमच्या गावात त्या साली मेलेल्यांची नावं कुठल्या दगडावर नाहीत. मग राइनबर्गच्या दगडांसाठी आपण मराठीत का हळहळायचं? भांडायचं म्हणून विचारत नाही, खरंच विचारतो.

*

पानशेत६१:

मी या धाग्यावर येणार नव्हते. नातवाने लिंक पाठवली, कारण धरण फुटल्याचं आहे.

१२ जुलै १९६१ ला मी नऊ वर्षांची होते. आम्ही नारायण पेठेत, नदीच्या बाजूला. पानशेतचं बांधकाम पुरतं झालेलं नव्हतं आणि पाणी अडवलेलं होतं. सकाळी ते फुटलं, मग खडकवासला गेलं, आणि दुपारी पाणी पेठेत शिरलं. ते नदीच्या पुरासारखं चढत नाही हो. रस्त्याने चालत येतं, पुढे लाकडं, पत्रे, ढोरं घेऊन. आम्ही हातात येईल ते घेऊन पर्वतीकडे पळालो. आईने देव्हारा घेतला, वडिलांनी मला. संध्याकाळी वाडा नव्हता. मातीच्या भिंती विरघळल्या, वासे तेवढे एकमेकांवर पडलेले. पुढे कितीतरी दिवस चिखलाचा तो वास केसांतून जात नव्हता.

आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी पानशेतवर वाळूची पोती रचली. धरण वाचलं नाही, पण रात्र टळली. अंधारात फुटलं असतं तर आमच्या गल्लीत कोणी राहिलं नसतं, असं वडील मरेपर्यंत म्हणायचे. त्या जवानांची नावं आम्हाला माहीत नाहीत.

तुमचा लेख वाचला. त्या मुलाचं वाईट वाटलं, २१ वर्षांचा म्हणजे माझ्या नातवाएवढा. पण मी सारखी धरणाच्या खालच्या बाजूला बघत होते. तिथे रात्रीचा एक वाजत आला होता. खाली कोण होतं ते तुम्ही लिहिलं नाहीत.

*

रुहरकाठी:

काकू, चूक माझी. लिहायला हवं होतं. त्या जागीही मी गेलो आहे, तरी लेखात ते आलं नाही.

धरणाच्या लगेच खाली हिमेलफोर्टेन नावाचा जुना मठ आणि चर्च होतं. नावाचा अर्थ स्वर्गाची दारं. तिथले पाद्री योसेफ बेर्केनकोप्फ यांनी पाणी येतंय हे कळल्यावर चर्चची घंटा वाजवायला घेतली. लोक जागे व्हावेत म्हणून वाजवत राहिले, आणि पाण्याने चर्चसकट त्यांना नेलं. आज तिथे पायाचे दगड तेवढे आहेत.

त्याहून खाली नेहाइम गाव. गावाच्या कडेला नदीकाठच्या सखल जागेत जर्मनांनी सक्तमजुरांची छावणी वसवली होती. बहुतेक बायका, युक्रेन आणि रशियातून, पोलंडमधून कारखान्यात राबायला आणलेल्या. भोवती कुंपण. पाणी आलं तेव्हा त्यांना पळायला वाट नव्हती, पाचशेहून जास्त तिथेच गेल्या. त्या रात्रीच्या पुराने एकूण १३०० ते १६०० माणसं मेली असं धरतात, त्यांत मोठा वाटा या परक्या मजुरांचा. म्हणजे ज्यांना जर्मनांपासून सोडवायचं होतं त्यांच्यावरच पाणी गेलं. विमानातल्या सातांना छावणी तिथे आहे हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. तरी ती तिथे होती.

भिंत चार-पाच महिन्यांत, पावसाळी महिन्यांच्या आधी, जर्मनांनी पुन्हा बांधून काढली. एक अभियंता म्हणून त्या कामाचं मला पूर्वी फार कौतुक होतं. ते काम कोणाकडून करून घेतलं हे वाचल्यावर तसं राहिलं नाही. तिथेही हजारो सक्तमजूर होते.

कृष्णाकाठ, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. साम्राज्यासाठी मी हळहळत नाही. अर्नशॉ शाळेत शिकवायचा, ब्रेनन एका जखमी पोराच्या डोक्यावर रुमाल धरून वीस मिनिटं उभा होता, एवढंच मला दिसतं. तुमच्या आजीची दोन वर्षंही मला दिसतात. तुम्ही ती लिहून काढा. गावातल्या लोकांची नावंही, जी कोणाला आठवतात ती. मी वाचेन, आणि टंकायला मदत लागली तर करेन.

*

थेम्सवरून:

हॉपगुडचं विमान समजून घ्यायचं असेल तर लंडनमधल्या हेंडनच्या हवाई दलाच्या संग्रहालयात एक खरं लँकेस्टर आहे, 'एस फॉर शुगर'. शंभराहून जास्त मोहिमा करून टिकलेलं. त्याच्या पोटाखाली उभं राहिलात की माप कळतं. बाहेरून अवाढव्य, आत मोठा माणूस सरळ उभा राहू शकत नाही.

आणि मराठी माणसाचा संबंध विचारत असाल तर तोही आहे. बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागात, लँकेस्टरवर शैलेंद्र एकनाथ सुखठणकर नावाचे नॅव्हिगेटर होते, त्यांना डीएफसी हे शौर्यपदक मिळालं. ते वाचले. बॉम्बर कमांडचे ५५,५७३ जण वाचले नाहीत. साधारण सव्वा लाखातले, म्हणजे दर शंभरात ४४.

ज्यांचे देहच मिळाले नाहीत त्यांची नावं रनीमीडच्या स्मारकावर आहेत, वीस हजारांहून जास्त. धरणांवर निघालेल्यांपैकी बायर्सचं विमान हॉलंडच्या किनाऱ्याशीच पाडलं गेलं, लक्ष्य दिसायच्याही आधी. समुद्राने सातांतला एकच परत दिला, उरलेले सहा रनीमीडला भिंतीवर आहेत. त्याच भिंतींवर ब्रिटनची गुप्तहेर नूर इनायत खान हिचंही नाव आहे. मी दर नोव्हेंबरात जातो. टेम्सच्या वरची टेकडी आहे, वारा फार असतो.

*

निवृत्त वायुसैनिक:

मी पुन्हा लिहितो आहे, कारण दोन दिवस हे डोक्यातून गेलं नाही.

आपल्याकडे कॅनबेरा विमान होतं, लोहगावला बरीच वर्षं. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यातल्या दाबोळी धावपट्टीवर बॉम्ब टाकले ते कॅनबेरांनीच. मी जमिनीवरचा माणूस, विमानं तयार करून द्यायची आणि परत यायची वाट बघायची. त्या विमानाच्या बॉम्बर प्रकारात दोघे असत. पायलट वर काचेच्या घुमटाखाली, नॅव्हिगेटर पुढे नाकात. इजेक्शन सीट, म्हणजे माणसासकट विमानाबाहेर उडणारी खुर्ची, फक्त पायलटला. नॅव्हिगेटरने पॅराशूट बांधायचं आणि बाजूच्या दारातून स्वतःच्या बळावर बाहेर पडायचं. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानातल्या सरगोध्यावर हल्ला करून परतणारं आपलं एक कॅनबेरा रात्री पाकिस्तानी स्टारफायटर लढाऊ विमानाने पाडलं. पायलट बाहेर पडला आणि युद्धकैदी झाला. नॅव्हिगेटर गेला.

हे सांगतो याचा अर्थ पायलटला दोष आहे असा नाही, कोणी तसा घेऊ नये. आग लागली की हात आपोआप हँडलकडे जातो, त्यासाठीच ते शिकवलेलं असतं. मी फक्त एवढं म्हणतो की दोघे चहा पिऊन एकत्र निघायचे आणि दोघांनाही ठाऊक असायचं की सीट एकच आहे. त्यावर कोणी बोलायचं नाही. विमान धावपट्टीवर टेकेपर्यंत आम्ही शेडच्या बाहेर उभे असायचो. एकदा आम्ही उजाडेपर्यंत उभे होतो.

*

ओवी:

काका, त्या रात्रीचं लिहाल का? इथे नको वाटलं तर स्वतंत्र धागा काढा.

*

निवृत्त वायुसैनिक:

आज नाही.

*

कृष्णाकाठ:

रुहरकाठी, आजीवर लिहायला घेतलं आहे. मोठ्या आत्याशी फोनवर बोललो, तिला सहा नावं आठवली. तिघांची फक्त टोपणनावं, तीही घालतो.

पानशेतकाकू, पोती रचणाऱ्या जवानांचं तुम्ही लिहिलंत ते मला नवीन होतं. आम्हाला शाळेत पानशेत म्हणजे फक्त पूर एवढंच सांगितलं.

*

शब्दवेडी:

मी ड्युसेलडॉर्फला असते. राइनबर्ग इथून जवळ आहे हे माहीत नव्हतं. पुढच्या वेळी जाल तेव्हा मलाही कळवा. तिथे फुलं नेलेली चालतात का?

*

रुहरकाठी:

चालतात. मी मागच्या वेळी घरच्या कुंडीतला झेंडू नेला होता. ओळीने पांढरे दगड, प्रत्येकापुढे मातीची छोटी पट्टी, तिथे ठेवायचा.

या रविवारी निघतो आहे. पण आधी उलट्या दिशेला जाणार. सकाळी हिमेलफोर्टेनला, मग नेहाइमला, आणि तिथून राइनबर्ग. दीड-दोन तासांचा रस्ता पडेल, ड्युसेलडॉर्फवरूनच जाता येईल, साडेबाराला तुम्हाला स्टेशनवर घेतो. काकू, नेहाइमला तुमच्या नावाने काय ठेवू ते सांगा.

*

पानशेत६१:

पाणी नको. मूठभर तांदूळ ठेवा. त्या बायकांना पोटभर मिळालं नसणार.